कॅटफिशचं बाळंतपण

१७ मार्च २०२५, सोमवार. सकाळी ९.०५
गार्डनिंग लीव्हचा, म्हणजे नोटिशीचा काळ पगारी घरी बसून काढायचा, पहिला दिवस. बावीस वर्षं एकाच कंपनीत प्रोजेक्ट डिलिव्हर केल्यावर कंपनीला माझी गरज उरली नाही, असं कोणी म्हणेल. मी म्हणत नाही. मी म्हणतो, मला वेळ मिळाला.
रोजनिशी लिहायची, हा पहिला संकल्प. रोज. एकही दिवस न चुकवता.
मधू कामाला जाताना (ती इथे लंडनला, पिनरमध्येच, जीपी सर्जरीत म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात रिसेप्शनवर आहे) टेबलावर शेडची किल्ली ठेवून गेली. म्हणाली, गार्डनिंग लीव्ह आहे ना, मग गार्डनपासून सुरुवात करा. तिला एचआरची भाषा कळत नाही.

२५ मार्च, मंगळवार
मधले सात दिवस विचारात गेले. विचार हेही कामच आहे.
संध्याकाळी कार्डिफला व्हिडिओ कॉल. आमची मुलगी वैभवी हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून नुकतीच आली होती, जावई यतीन पास्ता ढवळत होता, त्यामुळे फोन मायराच्या हातात. मायरा म्हणजे आमची नात. २१ जूनला सात पूर्ण होतील. तिच्या वर्गात फिश टँक आहे आणि त्यात कोरीडोरस नावाचे छोटे कॅटफिश. दोन इंच लांबी, मिश्या, दिवसभर तळाची वाळू हुंगत फिरणार. तिला तसेच पाहिजेत, पण बेबी. आणि शॉपमधले नकोत. शॉपमधल्या बेबींना आईबाबा माहीत नसतात, ते सॅड असतं, असं तिचं म्हणणं.
मी तिथल्या तिथे सांगितलं. वाढदिवसाला सहा पिल्लं. आपल्या पिनरच्या घरात जन्मलेली. आजोबांचं प्रॉमिस.
मायरा म्हणाली, आजोबा, तुम्ही प्रॉमिस करता आणि मग तुमचा मीटिंग येतो.
मागून वैभवीने तिला गप्प केलं नाही. हे मी नोंदवून ठेवतो.
आता वस्तुस्थिती. चौथ्या वाढदिवसाला नवीन सिस्टीमचं गो-लाइव्ह होतं. पाचव्याला ऑडिट. सहाव्याला मी गेलो होतो, पण फ्रँकफर्टचा कॉल लांबला आणि केक कापला तेव्हा मी कार पार्कमध्ये होतो. यात माझी चूक कुठे आहे? पण ते वाक्य काही जात नाही डोक्यातून. जेवताना मधूने दोनदा विचारलं, काय झालं. काही नाही म्हणालो.
या वेळी डिलिव्हर करायचं. काय वाटेल ते झालं तरी.

२९ मार्च, शनिवार
टँक आला. डायनिंग रूममध्ये, साइडबोर्डवर. तिथला मधूचा डिनर सेट गॅरेजमध्ये गेला. मधूने प्लेट्स गुंडाळल्या, तेव्हा वर्तमानपत्राचा आवाज जरा जास्तच येत होता.
पाच पेपर्ड कोरी आणले. अंगावर मिरपूड सांडल्यासारखे ठिपके. दुकानातला पोरगा नर-मादी कसे ओळखायचे ते सांगायला लागला होता, पण मी म्हटलं की मी बघून घेईन. दोन चांगले धष्टपुष्ट, रुंद पोटाचे. ते अर्थातच नर. नावं रावसाहेब आणि भाऊसाहेब. तीन बारीक, नाजूक, चपळ. त्या मुली. नीना, अनुष्का, अन्वी.
मधू म्हणाली, रावसाहेबांचं पोट बघून मला वेगळंच वाटतंय. मी हसलो.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा
साडेतीन मुहूर्तांपैकी एक. गुढी पॅटिओवर, हीटर टँकमध्ये. २८ डिग्री.
एक्सेलमध्ये प्लॅन तयार. अंडी: १५ एप्रिल. पिल्लं: २० एप्रिल. सहा नग प्रवासयोग्य: १४ जून. एक आठवडा कंटिंजन्सी. स्टेटस हिरवं.
आजच उन्हाळी वेळेसाठी इथली घड्याळं एक तास पुढे गेली. म्हणजे प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधीच एक तास मागे.

३ एप्रिल, गुरुवार
चर्च हॉलमध्ये कॅटफिश क्लबची मीटिंग. हॅरो, रेनर्स लेन, नॉर्थवुड, सगळीकडून माणसं येतात. मी धरून अकरा. सेक्रेटरी ग्रॅहम, रिटायर्ड पोस्टमन, चाळीस वर्षं कॅटफिश पाळतोय, स्वेटरला माशांच्या खाण्याचा वास. माझा प्लॅन मी लॅपटॉपवर दाखवला. त्याने शांतपणे बघितला आणि म्हणाला, छान आहे, जयंत. पण पेपर्डना हीटर नको. अर्धं पाणी काढ आणि नळाचं गार पाणी घाल. त्यांना वाटतं पाऊस पडला, मग दुसऱ्या दिवशी अंडी.
गार पाणी!
घरी येताना मला ग्रॅहमची कीव आली. त्याचा दोष नाही. या लोकांकडे बाळंतीण दुसऱ्या दिवशी टोस्ट खाऊन घरी जाते. मायराच्या वेळी वॉर्डात नर्सने वैभवीला फ्रिजमधला ऑरेंज ज्यूस दिला, तेव्हा मधू तो हातातून काढून घ्यायला धावली होती. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओव्याची धुरी, कानाला स्कार्फ. सहा आठवडे वैभवीच्या खोलीची खिडकी उघडली नव्हती. जुलै महिना होता. यतीन दारात उभं राहून घाम पुसायचा.
पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे हे. ऊब, काळोख, शांतता. मुलींच्या अंगावर नळाचं गार पाणी मी तरी घालणार नाही.

४ एप्रिल
टँकवर मधूची सोलापुरी चादर. पाणी बदलायचं ते केटलमधलं कोमट करून. आवाज बंद. डायनिंग रूममध्ये चप्पल काढून यायचं, असा नियम केला.
मधूने विचारलं, जेवायचं कुठे? किचनमध्ये जेवू, म्हटलं.

१५ एप्रिल, मंगळवार
माइलस्टोन वन. अंडी शून्य.
घाबरण्यासारखं काही नाही. स्टेटस पिवळं. हीटर २९ वर.
मुलींना फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, सुरू केले. तो पॅक फ्रीझरमध्ये मधूच्या खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी ठेवला होता. आता तो पॅक गॅरेजमधल्या जुन्या फ्रीझरमध्ये आहे, डिनर सेटशेजारी.

२३ एप्रिल
पाची जण सारखे वर येऊन हवा घेतात आणि खाली जाऊन पडून राहतात. समाधानी दिसतात.
मधू चादरीखाली डोकावून म्हणाली, अहो, हे उकडून मरतील. मी तिला म्हटलं, वैभवीच्या खोलीत तू काय केलं होतंस? ती म्हणाली, वैभवी मासा नाहीये. लॉजिकमध्ये मधू पहिल्यापासून कच्ची.

३० एप्रिल, बुधवार
उद्यापासून तीन दिवस कार्डिफ. वैभवीच्या शिफ्ट्स आहेत, यतीन ऑफिसच्या कामाने बाहेर, मायराला शाळेतून आणायचंय. खरं तर प्रोजेक्ट सोडून जायची ही वेळ नाही. मधूसाठी दोन पानी हँडओव्हर डॉक्युमेंट टँकवर चिकटवलं. तापमान, केटल, चादर, चप्पल. शेवटी एस्कलेशनसाठी माझा मोबाइल नंबर. मधू म्हणाली, तुमचा नंबर मला पाठ आहे.

२ मे, शुक्रवार. कार्डिफ
मायराला शाळेतून आणलं. वाटेत तिने विचारलं, बेबी कधी येणार. ऑन ट्रॅक, म्हणालो. तिने विचारलं, ऑन ट्रॅक म्हणजे आली का नाही आली? थेट प्रश्न विचारायची सवय तिला आजीकडून आलीय.
तिच्या खोलीत रिकामा टँक मांडून ठेवलाय. धुऊन, वाळू घालून. समोर छोटी खुर्ची. त्या खुर्चीकडे मला फार वेळ बघवेना.

४ मे, रविवार. दुपारी ४
परत आलो तर आपत्ती.
पाणी १८ डिग्री! हीटर बंद. चादर वाळत घातलेली. मधूचा खुलासा असा: शुक्रवारी पाण्याला वास यायला लागला. तिच्याकडे भिशीच्या बायका यायच्या होत्या. मग तिने अर्धं पाणी बादलीने उपसलं आणि गार्डनचा होज पाइप खिडकीतून आत घेऊन टँक भरला. हीटरचा प्लग इस्त्रीसाठी काढला, तो लावायचा राहिला. शनिवारी पुन्हा वास वाटला, पुन्हा अर्धं. केटलचं काय, विचारलं तर म्हणाली, केटलमध्ये बायकांचा चहा होता.
पाची जणांची अवस्था बघवत नाही. वेड्यासारखे काचेवर वरखाली धावतायत. नीना आडवी झालेली आणि रावसाहेब तिच्या पोटाला तोंड लावून घट्ट चिकटलेले. गारठ्याने डोकं फिरून मारामारी! मी पळीने त्यांना सोडवलं. पाच मिनिटांत पुन्हा तेच. आता अनुष्काबरोबर. पुन्हा सोडवलं. दुपारपर्यंत पळी घेऊन उभा होतो.
मधूला माफ केलं. त्याआधी तासभर समजावून सांगितलं.

५ मे, सोमवार. बँक हॉलिडे
गार पाण्याचा आणखी एक परिणाम. चारी काचांवर आणि टँकमधल्या शेवाळाच्या गुच्छावर, म्हणजे मॉसवर, बारीक पांढरट ठिपके. लगेच ओळखलं. लाइमस्केल. या भागात राहणाऱ्याला ते शिकवायला नको. आमच्या केटलचा तळ बघा. उकळून घातलेल्या पाण्यात क्षार आधीच खाली बसतो, होजच्या पाण्यात तो सगळा येतो. मधूला हे उदाहरणासह दाखवलं.
ऑफिसचा ॲक्सेस पास परत करायचा राहिला होता, त्याच्या कडेने एकेक ठिपका खरवडला. नेहमीच्या क्षारापेक्षा मऊ आणि चिकट. मोजले, एकसष्ट. शिवाय मॉसवरचे वेगळे. तो मॉसच काढून टाकला. सगळं बादलीत. काच लखलखीत.
बऱ्याच दिवसांनी एखादं काम शंभर टक्के पूर्ण केल्याचं समाधान.
बादली ड्रेनमध्ये ओतत होतो, तर मधू धावत आली. टँकचं जुनं पाणी ती टाकू देत नाही, कढीपत्त्याला घालते. कन्झर्व्हेटरीत, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीत, वैभवीचा लहानपणीचा बेबी बाथ ठेवलाय, त्यात ते पाणी साठवते आणि रोज मगाने थोडं थोडं झाडाला. मॉससुद्धा त्यातच टाकला. हिच्याने काही टाकवतच नाही. घे, म्हटलं.

६ मे
हीटर २८. चादर. केटल. पुन्हा श्रीगणेशा.

१४ मे, बुधवार
मधू सांगत होती की टबात काहीतरी वळवळतंय. डासांच्या अळ्या, म्हटलं. ओतून टाक. म्हणाली, बघते.
इकडे काही नाही. स्टेटस पिवळं, पण गडद.

२२ मे, गुरुवार
मधूने जेवताना विचारलं, अहो, या माशांची पिल्लं दिसतात कशी? मिश्या लहानपणापासूनच असतात का?
फार बरं वाटलं. इतक्या दिवसांनी तिला प्रोजेक्टमध्ये रस. अंडं ते पिल्लू, पंचवीस मिनिटं समजावलं. नेटवरची चित्रं दाखवली. तिने एका चित्रावर बोट ठेवून सांगितलं, हो, हे असंच. आणि पुढे काहीतरी बोलणार होती, पण मी पिवळ्या पिशवीवर आलो होतो, म्हणजे पिल्लाच्या पोटाखाली असते ती, त्यामुळे तिला थांबवलं. मग ती म्हणाली, बरं. ताटं उचलली आणि उकडलेल्या अंड्याचा बलक बशीत घेऊन कन्झर्व्हेटरीत गेली. कढीपत्त्याला आता अंडं लागतं वाटतं.

३० मे, शुक्रवार
ग्रॅहमला घरी बोलावलं. सल्ल्यासाठी नाही. सेकंड ओपिनियन.
त्याने चादर उचलली, थर्मामीटर बघितलं आणि चादरीची घडी करून बाजूला ठेवली. मग विचारलं, यातले नर कुठले? मी रावसाहेब आणि भाऊसाहेब दाखवले. ग्रॅहम म्हणाला, या दोघी बायका आहेत. रुंद, गोल पोट बायकांचं. बारीक तिघं पुरुष. प्रमाण मात्र उत्तम निवडलंस.
हे प्रमाण माझंच आहे, हे त्याने मान्य केलं, हा मुद्दा महत्त्वाचा.
मग मधू चहा घेऊन आली आणि त्याला कढीपत्ता दाखवायला कन्झर्व्हेटरीत घेऊन गेली. चाळीस मिनिटं. दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. ग्रॅहमला कढीपत्त्यात एवढा रस असेल असं वाटलं नव्हतं. जाताना त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, यू आर अ लकी मॅन. मी थँक्यू म्हटलं. प्लॅन कोणाला तरी आवडला.
मधू म्हणाली, एकदा कन्झर्व्हेटरीत येऊन बघा तरी. मी म्हटलं, आत्ता नको, रिप्लॅनिंग चालू आहे. ती म्हणाली, पंचवीस पावलं आहेत. मी म्हटलं, प्रश्न पावलांचा नाही, फोकसचा आहे.

३१ मे
रावसाहेबांना काय हाक मारायची हा प्रश्न आहे. तूर्त रावसाहेबच.

१० जून, मंगळवार
स्टेटस लाल. एक्सेलला लालच्या पुढचा रंग नाही.
मायराचा कॉल. भिंतीवर तिने चार्ट केलाय, रोज एक दिवस खोडते. अकरा उरले. सहा लेबलं केलीत टँकवर लावायला, नावं ठरवलीत, मला सांगणार नाही, सरप्राइज. मग कॅमेऱ्यात अगदी जवळ येऊन विचारलं, आजोबा, बेबी आहेत ना?
मी हो म्हणालो.
खोटं बोललो. लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. कंपनीत तारखा चुकल्या तर क्लायंटला आपण मेल लिहितो, कारणं देतो, क्लायंट चिडतो, संपलं. या क्लायंटला कारणं देऊन झालीत. तीन वर्षं.
कंपनीतून निघताना मला वाईट वाटलं नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. वाटलं होतं. आज त्याहून वाईट वाटतंय.

१३ जून, शुक्रवार
स्वतःच्या अभ्यासातून नवीन निष्कर्ष: पाणी गार हवं. हीटर काढला, होज लावला. ग्रॅहमला कळवलेलं नाही, तो उगीच म्हणेल की मी सांगितलं होतं.

१६ जून
काही नाही. दोन महिने तापवलेल्या बायका चार दिवसांत कशाला ऐकतील? आणि आज अंडी दिली तरी शनिवारी त्यांतून काय निघणार.

१९ जून, गुरुवार. दुपारी ३
निर्णय घेतला. आउटसोर्सिंग. जगभरातल्या चांगल्या कंपन्या करतात.
पिनर-हॅरोतलं दुकान नको, कोणीतरी ओळखीचं भेटेल. चाळीस मिनिटं ड्राइव्ह करून लांब गेलो. छोटे पेपर्ड नव्हते. छोटे पांडा कोरी होते, पांढरट अंग, डोळ्यांवर काळे पट्टे. सहा घेतले. शब्द सहाचा होता.
रंगाचं स्पष्टीकरण तयार आहे: मुलं आजोळावर गेली.
मधू सर्जरीतून यायच्या आत टँकमध्ये सोडले. तिने आल्यावर बघितले. मोजले. फक्त म्हणाली, शनिवारी सकाळी बघू. तिचा आवाज मवाळ होता. याचं मला जरा टेन्शन आलंय.

२१ जून, शनिवार. सकाळी ७.३०
मायराचा वाढदिवस. रात्रीच मुक्कामाला आलेत सगळे, अजून झोपलेत. चादर काढली, काचा पुसल्या. डिनर सेट मधूने साइडबोर्डच्या कडेला परत आणून ठेवलाय.
सहा पिल्लं. तारखेला. आजोबांचा शब्द. बाकी तपशील आहे.

२१ जून. दुपारी ४
लिहावंसं वाटत नाही, पण रोज लिहायचा संकल्प आहे.
मायरा उठल्या उठल्या पायजम्यात खाली आली. चप्पल दारात काढली, मी पूर्वी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. काचेला नाक लावलं. सहा मोजले. टाळ्या वाजवल्या. मग आईबाबा बघितले, पुन्हा पिल्लं बघितली. आणि विचारलं, आजोबा, मम्मी-डॅडी पेपर्ड आहेत, मग बेबी पांडा कसा झाला?
मी आजोळावर गेल्याचं सांगितलं.
वैभवी माझ्याकडे बघत होती. लहानपणी तिच्या वार्षिक संमेलनाला मी उशिरा पोचायचो आणि शेवटच्या गाण्याला उभा राहून टाळ्या वाजवायचो, तेव्हा स्टेजवरून बघायची तसं.
मायरा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, इट्स ओके आजोबा, तुमचा मीटिंग आला असेल.
मी टँकची काच पुन्हा पुसायला घेतली.
तेवढ्यात मधू आली. मायराचा हात धरला आणि म्हणाली, चल, तुला गंमत दाखवते. मला म्हणाली, तुम्हीही चला आता. पंचवीस पावलं.
कन्झर्व्हेटरीत कढीपत्ता. त्याच्या बाजूला वैभवीचा बेबी बाथ. हिरवट पाणी, त्यात मी काढून टाकलेला मॉस. मायरा गुडघ्यांवर बसली. मीही बसलो. आधी काही दिसेना. मग तळाशी एक मिशीवाला हलला. मग दुसरा. मिरपुडीचे ठिपके. बोटाच्या पेराएवढे. मायरा मोजत गेली, इंग्लिशमध्ये, तेवीसपर्यंत.
मी मधूला विचारलं, कधी? ती म्हणाली, तुम्ही खरवडून दिलेत ना, त्या बँक हॉलिडेला. तीन वेळा सांगायला आले. मग ग्रॅहम म्हणाला, आहे तसं राहू दे, काहीही करू नकोस. आणि अहो, शनिवारपर्यंत थांबले कारण मला वाटलं तुम्ही एकदा तरी आपणहून इथे याल.
वर जाऊन रोजनिशी उघडली. ५ मे. ‘मोजले, एकसष्ट.’ ‘काच लखलखीत.’ माझंच अक्षर.
पुन्हा खाली आलो आणि मायराला सगळं सांगितलं. दुकान, पांडा, चाळीस मिनिटांचा ड्राइव्ह, लाइमस्केल. मग तिने चौकशी सुरू केली. गार पाणी कोणी घातलं? आजीने. बेबींना खायला कोणी दिलं? आजीने. मग तुम्ही काय केलं? मी केटल लावायचो, म्हणालो. ती म्हणाली, थँक्यू फॉर द केटल.
केक कापला तेव्हा मी तिच्या शेजारी उभा होतो. एवढं एक झालं.

२२ जून, रविवार
मंडळी कार्डिफला गेली. मधूने श्रीखंडाच्या मोठ्या डब्यात टबातलं पाणी आणि सहा पेपर्ड पिल्लं घालून दिली. निघताना मायराने एक पांडाही मागितला. का विचारलं तर म्हणाली, त्याची मम्मी कुठे आहे माहीत नाही, तो आपल्याकडे राहू दे. सात जण गेले. डबा मांडीवर धरून बसली होती. यतीन ताशी चाळीस मैलांनी मोटरवेवर गेला असणार.

२६ जून, गुरुवार
ग्रॅहमने क्लबचा फॉर्म पाठवला. घरी पिल्लं वाढवणाऱ्याला सर्टिफिकेट देतात. प्रोजेक्टचं नेतृत्व कोणाचं, यावर मी थोडा विचार केला. एक पूर्ण सकाळ. मग भरला.
ब्रीडरचं नाव: मधुमती पाटणकर.
तापमान: मोजलं नाही.
पद्धत: जयंतने हात लावला नाही. (हे मधूने सांगितलं तसं लिहिलं.)

२९ जून, रविवार. सकाळी १०
हीटर खोक्यात. चादर पलंगावर. डिनर सेट साइडबोर्डवर, टँक कन्झर्व्हेटरीत. मधूने मला एक काम दिलंय: दर रविवारी अर्धी बादली, नळाचं गार पाणी. केटलला हात लावायचा नाही. आज केलं. तिने उभं राहून बघितलं.
मायराचा कॉल. सगळे मजेत. सहा लेबलं तिने आधीच केली होती, सातवं नवीन केलं. पांडाचं नाव आजोबा. मला बरं वाटलं. विचारलं, का गं? कारण तो काही करत नाही, म्हणाली, फक्त सगळ्यांच्या मागे मागे जाऊन बघतो नीट चाललंय का. पण बाकीचे त्याला काही बोलत नाहीत.
मी म्हटलं, पुढच्या वाढदिवसाला तुला बारा पिल्लं, प्रॉ–
तिने मध्येच थांबवलं. प्रॉमिस नको, म्हणाली. तुम्ही फक्त या.
फोन ठेवल्यावर कॅलेंडर उघडलं. २१ जून २०२६, रविवार. मीटिंग नाही. मागचे-पुढचे आठवडे बघितले. कुठल्याच दिवशी मीटिंग नाही.
तरी तो दिवस ब्लॉक करून ठेवला.